कॅपो आणि स्लाइड: अकूस्टिक व इलेक्ट्रिक गिटारसाठी निवड कशी करावी

गिटारवर पाच-सात कॉर्ड बसल्या आणि कुणाच्या तरी गाण्याला साथ करण्याची वेळ आली, की कॅपोची, म्हणजे नेकवर आडवा लावून तारा एकदम दाबून धरणाऱ्या चिमट्याची, गरज लगेच जाणवते. पुढे केव्हातरी एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड घसरत जाणारी मींड कानावर पडते आणि आपल्याकडेही स्लाइड, म्हणजे बोटात घालून तारांवरून सरकवायची नळी, असावी असे वाटू लागते. या दोन्ही वस्तू लहान आहेत आणि गिटारच्या मानाने स्वस्त आहेत, त्यामुळे दुकानदार जी हातात देईल ती घेऊन माणसे घरी येतात. नंतर कॅपो लावल्यावर तारा बेसूर का होतात किंवा स्लाइड फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या रेघांवर) का आपटते, याचे उत्तर त्यांना मिळत नाही आणि दोष स्वतःच्या हाताला दिला जातो. माझ्या अनुभवात हा दोष बहुधा हाताचा नसतो. त्या गिटारला ती वस्तू जुळत नसते.

दोन्हींची निवड एका प्रश्नावर येऊन ठरते, तो म्हणजे तारेवर किती दाब पडतो. कॅपोने तार फ्रेटला नीट टेकेल एवढेच दाबावे, त्याहून जास्त नाही. स्लाइडने तार दाबायचीच नसते, तिने तारेला केवळ स्पर्श करायचा असतो. गिटारची मापे, तारांची जाडी आणि तुमचे बोट हे सगळे या दाबावर परिणाम करतात, म्हणून हा लेख खरेदीपासून नव्हे तर मोजमापापासून सुरू होतो.

जवळ काय असावे

- मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी. १५ सेंटिमीटरची पुरते.
- कागदाची अरुंद पट्टी आणि पेन्सिल, बोटाचा घेर मोजण्यासाठी.
- हेडस्टॉकला (नेकच्या टोकाला, जेथे खुंट्या असतात तेथे) चिमट्यासारखा लागणारा ट्यूनर.
- मऊ सुती कापड.
- गिटारच्या मॉडेलचे नाव आणि तारांच्या सेटचा क्रमांक, एका चिठ्ठीवर लिहून.
- शक्य असेल तर प्रत्यक्ष गिटार. दुकानात गिटार नेण्याचा कंटाळा करू नका.

१. आधी गिटार मोजा

पहिले माप नटपाशी, म्हणजे हेडस्टॉकलगत तारा ज्या खाचांतून जातात तेथे, नेक किती रुंद आहे याचे. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ते साधारण ४२ ते ४३ मिलिमीटर असते, पोलादी तारांच्या अकूस्टिकमध्ये ४३ ते ४५ च्या आसपास आणि नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारमध्ये ५० ते ५२. अकूस्टिकसाठी बनवलेल्या कॅपोची पट्टी क्लासिकल गिटारच्या सहाव्या तारेपर्यंत कशीबशी पोहोचते किंवा पोहोचतच नाही. हे कळण्यासाठी दुकानात जाण्याची गरज नाही.

दुसरे माप फ्रेटबोर्डच्या वक्रतेचे आहे आणि नेमके तेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फ्रेटबोर्ड वरून सपाट दिसत असला तरी पोलादी तारांच्या बहुतेक गिटारमध्ये तो आडव्या दिशेने किंचित फुगीर असतो. ही फुगीरता एका वर्तुळाच्या त्रिज्येने सांगितली जाते. त्रिज्या जितकी लहान, तितका फुगवटा जास्त. फेंडरच्या जुन्या पद्धतीच्या गिटारमध्ये ती ७.२५ इंच, फेंडरच्याच अलीकडच्या अनेक मॉडेलमध्ये ९.५ इंच, गिब्सनमध्ये १२ इंच आणि मार्टिनच्या अकूस्टिकमध्ये १६ इंच असते. क्लासिकल गिटारचा फ्रेटबोर्ड परंपरेने सपाट असतो. तुमच्या गिटारचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळेल. तो न मिळाल्यास पोलादी पट्टी तारांच्या खालून एखाद्या फ्रेटवर आडवी टेकवा आणि उजेडाकडे धरून पाहा. दोन्ही कडांना फट दिसली तर फ्रेटबोर्ड फुगीर आहे, आणि फट जितकी मोठी तितका फुगवटा जास्त.

तिसरे माप बाराव्या फ्रेटवर तारेची उंची किती आहे याचे. फ्रेटच्या माथ्यापासून सहाव्या तारेच्या खालच्या बाजूपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. इलेक्ट्रिकमध्ये दीड ते दोन मिलिमीटर आणि अकूस्टिकमध्ये दोन ते अडीच मिलिमीटर ही नेहमीची उंची आहे. या आकड्याची खरी गरज स्लाइडच्या वेळी पडेल, तरी तो आत्ताच लिहून ठेवा.

२. कॅपो कशासाठी हवा, हे स्वतःला विचारा

कॅपो ज्या फ्रेटवर लावाल तितके अर्धस्वर गिटार वर चढते आणि तुम्ही मात्र ओळखीच्याच आकारात कॉर्ड धरत राहता. आपल्याकडे याचा सर्वांत मोठा उपयोग गायकाच्या पट्टीसाठी होतो. भावगीत, अभंग किंवा नाट्यगीत गाणारी व्यक्ती तुम्हाला सी शार्प किंवा जी शार्प सांगणार नाही. ती ‘काळी एक’ किंवा ‘काळी चार’ सांगेल, आणि काळ्या पट्ट्यांच्या कॉर्ड मोकळ्या तारांवर वाजत नाहीत. त्यासाठी हे कोष्टक पाठ असावे:

- काळी एक: पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी चा आकार, किंवा चौथ्या फ्रेटवर ए चा आकार.
- काळी दोन: पहिल्या फ्रेटवर डी चा आकार, किंवा तिसऱ्या फ्रेटवर सी चा आकार.
- काळी तीन: दुसऱ्या फ्रेटवर ई चा आकार, किंवा चौथ्या फ्रेटवर डी चा आकार.
- काळी चार: पहिल्या फ्रेटवर जी चा आकार, किंवा चौथ्या फ्रेटवर ई चा आकार.
- काळी पाच: पहिल्या फ्रेटवर ए चा आकार, किंवा तिसऱ्या फ्रेटवर जी चा आकार.

दोन पर्यायांपैकी कोणता घ्यावा हे कानाने ठरवावे. कॅपो जितका वर जाईल तितका आवाज उजळ आणि बारीक होतो, आणि खर्जाचा भार कमी होतो. पुरुष गायकाला तंबोरा व तबल्यासोबत साथ करत असाल तर खालच्या फ्रेटवरचा पर्याय मला अधिक भरदार वाटतो.

एक सावधगिरी येथेच सांगतो. कॅपो फक्त पूर्ण अर्धस्वरांच्या पायऱ्यांनी चढतो. पेटी जुनी असेल आणि तिचे सूर ट्यूनरच्या सुरांपेक्षा किंचित वर किंवा खाली असतील, तर कॅपो कितीही चांगला असला तरी मेळ बसणार नाही. अशा वेळी ट्यूनर बाजूला ठेवा, कॅपो लावा आणि पेटीच्याच सुरावर तारा मिळवा.

हे सगळे लिहिण्यामागचा हेतू असा, की बैठकीत दर गाण्याला पट्टी बदलणाऱ्याला एका हाताने झटकन हलणारा कॅपो लागेल, तर घरी रियाज किंवा ध्वनिमुद्रण करणाऱ्याला सूर अचूक राखणारा कॅपो लागेल. दोन्ही गुण एकाच कॅपोत पूर्णपणे मिळणे अवघड आहे.

३. कॅपोचे प्रकार समजून घ्या

इलॅस्टिकच्या पट्ट्याचा कॅपो सर्वांत स्वस्त आणि हलका असतो, परंतु पट्टा सैल होत जातो आणि दाब हळूहळू कमी होतो. प्रवासाच्या पिशवीत जादा म्हणून तो ठीक आहे.

स्प्रिंगचा चिमटा सर्वत्र दिसतो. कायझर आणि डनलॉप यांचे असे कॅपो प्रसिद्ध आहेत. एका हाताने दाबून काढता येतो आणि क्षणात दुसऱ्या फ्रेटवर लावता येतो, म्हणून बैठकीत व रंगमंचावर तो सोयीचा आहे. त्याची मर्यादा स्प्रिंगमध्येच आहे. दाब कारखान्यातच ठरलेला असतो आणि तो तुम्हाला कमीजास्त करता येत नाही. हा दाब सहसा अकूस्टिकच्या जाड तारा धरून ठेवण्याइतका असतो. तोच चिमटा इलेक्ट्रिकच्या नऊच्या सेटवर, म्हणजे ज्याची पहिली तार ०.००९ इंच जाडीची असते अशा तारांवर लावला, तर तारा गरजेपेक्षा जास्त ताणल्या जाऊन सूर चढतो. कंपन्या इलेक्ट्रिकसाठी वेगळे मॉडेल काढतात ते याचसाठी.

स्क्रूने दाब ठरवता येणारे कॅपो हा तिसरा गट. शबचा कॅपो १९८० मध्ये बाजारात आला. त्यात मागच्या स्क्रूने दाब एकदा ठरवायचा आणि मग खटका दाबून बसवायचा असतो. डॅडॅरिओच्या एनएस कॅपोची रचना नेड स्टाइनबर्गर यांची असून त्यातही बारीक आट्यांच्या स्क्रूने दाब जुळवता येतो. जी-सेव्हन्थच्या परफॉर्मन्स कॅपोत स्क्रू नाही, तुम्ही मुठीने जितके दाबाल तितका दाब तो धरून ठेवतो. या सर्वांमध्ये निर्णय तुमच्या हाती राहतो, आणि नवशिक्याने पहिला कॅपो याच गटातून घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टी बदलायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात, परंतु दर वेळी तारा पुन्हा मिळवण्यात जाणारा वेळ त्याहून अधिक असतो.

सगळ्या तारा न दाबता मोजक्याच तारा दाबणारे अर्धे कॅपोही मिळतात. ते मजेदार आहेत, पण पहिली खरेदी म्हणून नकोत.

४. वक्रता जुळवा

पहिल्या पायरीत काढलेला त्रिज्येचा आकडा आता कामाला येतो. सपाट पट्टीचा कॅपो फुगीर फ्रेटबोर्डवर लावला तर मधल्या तारा आधी दाबल्या जातात आणि कडेच्या पहिल्या व सहाव्या तारेला पुरेसा दाब मिळत नाही. त्या झणझणतात. मग वाजवणारा कॅपो आणखी घट्ट करतो, कडेच्या तारा साफ होतात, पण मधल्या तिसऱ्या-चौथ्या तारेवर गरजेच्या दुप्पट दाब येऊन त्यांचा सूर चढतो. ‘कॅपो लावला की तिसरी तारच बेसूर होते’ ही तक्रार ऐकली, की सर्वांत आधी वक्रता पाहावी. याउलट, वक्र पट्टीचा कॅपो सपाट क्लासिकल फ्रेटबोर्डवर लावला तर कडेच्या तारा दाबल्या जातात आणि मधल्या झणझणतात.

कंपन्या हा फरक मॉडेलच्या क्रमांकातून दाखवतात. शबचा सी-वन पोलादी तारांच्या नेहमीच्या गिटारसाठी आहे, सी-टू नायलॉन तारांसाठी, सी-थ्री बारा तारांसाठी आणि सी-फोर ७.२५ इंच त्रिज्येच्या इलेक्ट्रिकसाठी. म्हणजे तुमच्याकडे फेंडरची जुन्या पद्धतीची टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार असेल तर सी-वन घेणे चुकीचे ठरू शकते, आणि त्याच कंपनीची ९.५ इंचाची गिटार असेल तर सी-वन बहुधा पुरेसा होतो. डनलॉपचे काही कॅपो वक्र आणि सपाट अशा दोन स्वरूपांत मिळतात. खोक्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्या. थालियाच्या कॅपोत वेगवेगळ्या त्रिज्यांच्या रबरी पट्ट्या बदलता येतात आणि जी-सेव्हन्थच्या अलीकडच्या मॉडेलमध्ये पट्टी स्वतःच वक्रतेशी जुळवून घेते. घरात अकूस्टिक व इलेक्ट्रिक दोन्ही असतील आणि एकाच कॅपोवर भागवायचे असेल, तर असा कॅपो महाग असला तरी विचार करण्याजोगा आहे. मात्र क्लासिकलसाठी तरीही वेगळा, रुंद आणि सपाट कॅपो घ्यावाच लागतो.

५. दुकानात कॅपो तपासा

गिटार आधी काळजीपूर्वक मिळवून घ्या. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावा. तो फ्रेटवरच चढू नये, पण हेडस्टॉकच्या बाजूने त्याच्या अगदी लगत असावा. दोन फ्रेटच्या मधोमध लावलेल्या कॅपोला तार टेकवायला जास्त दाब लागतो, आणि जास्त दाब म्हणजे चढलेला सूर. पट्टी फ्रेटला समांतर आहे ना, तेही पाहा.

आता सहाही तारा एकेक करून छेडा आणि ट्यूनरवर पाहा. प्रत्येक तार मोकळ्या सुराच्या दोन अर्धस्वर वर असायला हवी. सगळ्या तारा सारख्याच किंचित चढल्या असतील तर चिंता नाही, दाब कमी करून पाहा. एखादीच तार चढली असेल तर वक्रतेचा मेळ नाही. मग हीच परीक्षा पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर करा, कारण नेक वर जाताना रुंद व बऱ्याचदा जाड होत जातो आणि काही चिमटे तेथे पुरेसे उघडत नाहीत. शेवटी कॅपो लावलेला असताना पहिल्या तारेचा बेंड घ्या, म्हणजे ती बोटाने बाजूला ओढून सूर चढवा, आणि सोडा. तार पूर्वीच्या सुरावर परत यायला हवी. न आल्यास कॅपोचे रबर तारेला अडकवून धरते आहे.

एक महत्त्वाची गोष्ट: तारा जुन्या आणि गंजलेल्या असतील तर ही परीक्षा खोटी ठरते. नव्या तारा लावून, त्या ताणून स्थिर झाल्यावरच कॅपोचा निकाल द्या. त्याचप्रमाणे ज्या गिटारचे फ्रेट उंच आहेत तिच्यावर कोणताही कॅपो थोडा सूर चढवणारच, तेथे कॅपो लावल्यानंतर तारा पुन्हा मिळवण्याची सवय ठेवावी.

६. तुमची गिटार स्लाइडसाठी तयार आहे का

स्लाइड घेण्याआधी हे पाहावे, कारण गिटार तयार नसेल तर कोणतीही स्लाइड चांगली वाजणार नाही. स्लाइडमध्ये तार फ्रेटला टेकत नाही, स्लाइडच तरंगत्या फ्रेटचे काम करते. तारांची उंची कमी असेल तर स्लाइड फ्रेटवर आपटून खडखडते, आणि तारा बारीक असतील तर स्लाइडच्या वजनानेच त्या खाली वाकतात.

इलेक्ट्रिकवर नऊचा सेट असेल तर दहाचा किंवा अकराचा लावा. अकूस्टिकवर बाराचा सेट असेल तर बहुधा तो पुरतो आणि त्यातली तिसरी तार गुंडाळीची असल्याने ती स्लाइडला अधिक स्थिर राहते. बाराव्या फ्रेटवरची उंची अडीच ते तीन मिलिमीटरपर्यंत नेल्यास सुरुवात सोपी जाते. इलेक्ट्रिकचा ब्रिज (तारा खालच्या टोकाला ज्यावर टेकतात तो भाग) उंचावणे स्क्रूचे काम आहे, अकूस्टिकसाठी मात्र कारागिराकडे जावे. सेट बदलल्यावर नेकवरचा ताण बदलतो, हेही त्याला सांगा.

मोकळ्या कॉर्डच्या जुळण्या, म्हणजे बोट न ठेवता तारा छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजेल अशा जुळण्या, निवडतानाही ताणाचा विचार हवा. ओपन डी मध्ये तारा सहावीपासून पहिलीपर्यंत डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशा असतात आणि ओपन जी मध्ये डी, जी, डी, जी, बी, डी. दोन्हींमध्ये बदललेल्या सर्व तारा उतरवल्या जातात, ताण कमी होतो. ओपन ई आणि ओपन ए मध्ये प्रत्येकी तीन तारा चढवाव्या लागतात, ते जुन्या किंवा नाजूक अकूस्टिकला मानवत नाही. येथे कॅपो मदतीला येतो: ओपन डी लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो बसवला, की ताण न वाढवता ओपन ई मिळते. फक्त एवढे ध्यानात ठेवा, की कॅपोजवळ तारा फ्रेटच्या अगदी निकट आलेल्या असतात, त्यामुळे त्याच्या पुढच्या दोन-तीन फ्रेटवर स्लाइडचा स्पर्श फार हलका ठेवावा लागतो.

७. बोट ठरवा आणि मोजा

करंगळीत स्लाइड घातली तर उरलेली तीन बोटे कॉर्ड धरायला मोकळी राहतात. प्रसिद्ध स्लाइडवादकांपैकी मडी वॉटर्स करंगळीतच आखूड स्लाइड घालत. ड्वेन ऑलमन अनामिकेत घालत आणि बॉनी रेट मधल्या बोटात घालतात. अनामिकेत पकड अधिक भक्कम असते आणि स्लाइडच्या मागे दोन बोटे तारांवर हलकेच ठेवून नको असलेला झणकार थांबवता येतो. केवळ स्लाइड शिकायची असेल तर अनामिका, आणि मध्येमध्ये कॉर्डही वाजवायच्या असतील तर करंगळी, असे मी सुचवीन.

कागदाची पट्टी बोटाच्या मधल्या सांध्याभोवती गुंडाळा, जेथे टोक मिळते तेथे खूण करा आणि लांबी मोजा. तिला ३.१४ ने भागले की आतला व्यास मिळतो. घेर ६० मिलिमीटर आला तर व्यास सुमारे १९ मिलिमीटर. ओळखीच्या सोनाराकडे अंगठीच्या मापाच्या कड्या असतात, त्या घालून पाहणे याहूनही खात्रीचे. उन्हाळ्यात बोटे किंचित फुगतात आणि थंडीत बारीक होतात, म्हणून माप ऋतू पाहून घ्यावे.

स्लाइड सांध्यावरून हलका विरोध होत आत जावी आणि हात खाली सोडून हलवला तरी गळू नये. किंचित सैल असेल तर आतून सुती चिकटपट्टी लावता येते. घट्ट स्लाइडवर मात्र उपाय नाही. लांबीचे म्हणाल तर सहाही तारा एकदम झाकायच्या असतील तर ६० मिलिमीटरच्या आसपासची हवी. एकेक तार वाजवणाऱ्याला आणि करंगळीत घालणाऱ्याला ५० मिलिमीटरही पुरते.

८. काच, पितळ, पोलाद की चिनी माती

काचेचा स्पर्श सर्वांत गुळगुळीत असतो. तारेवरून सरकताना घासण्याचा आवाज कमी येतो आणि सूर गोलसर, मऊ लागतो. इलेक्ट्रिकवर, विशेषतः अँप्लिफायरचा आवाज थोडा फाटलेला असेल तेव्हा, काच फार सुरेख वाजते. ऑलमन यांची स्लाइड म्हणजे कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली होती, आणि त्या आकाराच्या स्लाइड आजही मुद्दाम बनवल्या जातात. घेताना जाड भिंतीची घ्या. पातळ काचेत वजन नसते, त्यामुळे सूर लवकर विझतो. घरी बाटलीची मान कापून स्लाइड बनवण्याचा मोह होईल, पण कापलेली कड विस्तवावर वितळवून गोल केलेली नसेल तर ती बोटाला आणि तारेला सारखीच इजा करते. त्या वाटेला जाऊ नये.

पोलादाची, क्रोमचा मुलामा दिलेली स्लाइड उजळ आणि टोकदार आवाज देते. ती पडली तरी फुटत नाही आणि पावसाळ्यात काळवंडत नाही. पितळ जड असते, त्याचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असतो, आणि अकूस्टिकवर तो खरबरीतपणा सुराला एक मातीचा बाज देतो. अकूस्टिक गिटारला स्वतःचा आवाज पुढे ढकलावा लागतो, त्यामुळे तिला वजन आवडते. इलेक्ट्रिकमध्ये ते काम अँप्लिफायर करतो, म्हणून हलकी स्लाइडही चालते. चिनी मातीची स्लाइड काच आणि धातू यांच्या मधली आहे. आतून न चकाकवलेली असेल तर ती घाम शोषते आणि बोटात घसरत नाही.

पहिली स्लाइड कोणती, असे विचाराल तर उत्तर तारांच्या उंचीवर आहे. तारा अडीच मिलिमीटरपेक्षा खाली असतील आणि त्या उंचावणे शक्य नसेल, तर मध्यम जाडीची काच. तारा उंच आणि जाड असतील तर पितळ.

दुकानात स्लाइड बोटात घालून तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटपर्यंत सरकवा. स्लाइडचा मध्य फ्रेटच्या बरोबर वर यायला हवा. बोट दाबताना आपण फ्रेटच्या मागे ठेवतो, त्या सवयीने स्लाइडही मागे राहते आणि सूर उतरतो. स्लाइडची बाहेरची बाजू नखाने चाचपून पाहा. बारीकशी चीर किंवा साच्याची शिवण असेल तर ती दर वेळी ऐकू येईल.

९. मांडीवर गिटार घेऊन वाजवायचे असेल तर

आपल्या कानांना ओळखीचा असलेला हवाईयन गिटारचा आवाज बोटात घालायच्या स्लाइडचा नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी तो घरोघरी नेला. ब्रिजभूषण काब्रा यांनी त्याच पद्धतीने गिटारवर राग वाजवले, आणि गिटारपासून घडवलेली मोहनवीणा वाजवणाऱ्या विश्वमोहन भट्ट यांना १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. या पद्धतीत गिटार मांडीवर आडवी असते आणि हातात पोलादाचा भरीव दांडा धरला जातो.

त्यासाठी दोन वस्तू लागतात. एक म्हणजे भरीव दांडा. बाजूंना खोबणी असलेला दांडा बोटांत पक्का बसतो आणि नवशिक्याला तोच बरा. गोळीसारख्या गोल टोकाचा दांडा मींड आणि गमकांसाठी चपळ असतो, पण तो आवरायला वेळ लागतो. दुसरी वस्तू म्हणजे नटवर बसणारी धातूची उंचवटी, जिच्यामुळे तारा फ्रेटबोर्डपासून बऱ्याच वर उचलल्या जातात. ती काढता येते, त्यामुळे साध्या अकूस्टिकवरही ही पद्धत आजमावता येते.

१०. खरेदीतले धोके

- ‘सर्व गिटारना चालणारा’ असे लिहिलेला कॅपो. वक्रता, रुंदी आणि तारांचा ताण या तिन्ही गोष्टी एका ठरलेल्या स्प्रिंगने साधत नाहीत.
- नामांकित ब्रँडच्या नकला. किंमत संशयास्पद कमी असेल, छपाई पुसट असेल, रबराला उग्र वास येत असेल तर घेऊ नका.
- फक्त लहान, मध्यम, मोठी असे लिहिलेल्या स्लाइड. प्रत्येक कंपनीची मध्यम वेगळी असते. आतला व्यास मिलिमीटरमध्ये विचारा.
- गिटारबरोबर फुकट मिळालेला कॅपो. वापरून पाहा, पण त्यावरून स्वतःच्या कानाबद्दल किंवा गिटारबद्दल मत बनवू नका.

मुंबईत धोबी तलावजवळ फुर्टाडोससारखी जुनी दुकाने आहेत, जेथे गिटार सोबत नेऊन वस्तू लावून पाहता येतात. लहान गावात राहत असाल आणि ऑनलाइन मागवावे लागत असेल, तर परत करण्याची मुदत पाहूनच मागवा आणि पाकीट उघडल्याच दिवशी पाचव्या पायरीतली परीक्षा करा.

११. निगा

वाजवून झाले की कॅपो नेकवरून काढून ठेवा. तसाच राहिला तर तारांवर व फ्रेटवर ताण राहतो, आणि नायट्रोसेल्युलोज लॅकर या नाजूक वार्निशच्या गिटारवर रबराचा डाग उमटू शकतो. याच कारणाने असा कॅपो हेडस्टॉकवर चिमटवून ठेवण्याची सवयही लावून घेऊ नका. रबरी पट्टीवर तारांच्या खाचा पडतात. खाचा खोल झाल्या की तार त्यांत अडकते आणि सूर हलतो, तेव्हा पट्टी बदलावी. काही कंपन्या ती सुटी विकतात.

पितळी स्लाइड कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात काळवंडते आणि बोटावर हिरवट डाग पाडते. देवघरातल्या भांड्यांप्रमाणे तिला चिंचेचा कोळ लावावा, धुऊन लगेच कोरडी करावी. खरखरीत भुकटीने घासू नये, कारण त्या बारीक ओरखड्यांचा आवाज तारेवर येतो. काचेची स्लाइड मऊ कापडात गुंडाळून ठेवा आणि तिच्या कडेला टवका उडाला असेल तर, ती कितीही आवडती असो, पुन्हा तारेवर टेकवू नका.